इंजिन खोलण्याआधी : वाचकांचे प्रश्न, उद्यमनगरची उत्तरं

मागच्या महिन्यात या सदरात टर्बोवर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रांग लागली. बहुतेकांना एकच हवंय : घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी, गाडीची ताकद वाढवायची. माझी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं बांधण्यात गेली. बोअरिंग, होनिंग, हेडकाम, सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे या नादाला मी नावं ठेवणार नाही. फक्त 'आधी मोजा' हे शब्द पुढे बऱ्याचदा येतील, तेवढे सोसून घ्या. काही उत्तरं लांबलीत, काही चार ओळींत उरकलीत. प्रश्नच तसे होते.

प्रश्न : मूळचा सांगलीचा, सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. १९९२ ची माझदा मियाटा घेतली आहे. १.६ लिटर, मीटरवर १ लाख ४० हजार मैल. गाडी छान चालते. घरच्या गॅरेजात टर्बो बसवून २०० हॉर्सपॉवर काढायची इच्छा आहे. किट विकणारा म्हणतो, दोन वीकेंडचं काम. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दोन वीकेंडात किट बसेल, यात वाद नाही. ते टिकवायला काय लागतं ते विकणारा सांगत नसतो.

पैसे देण्याआधी त्याला एकच विचारा : या किटला कॅलिफोर्नियाच्या एअर बोर्डाचा (तिथल्या प्रदूषण खात्याचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, आहे का? तुमच्याकडे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक चुकत नाही. १९९२ ची गाडी रोलरवर चढवून धूर मोजतात, बॉनेट उघडून काय काय बदललंय तेही बघतात. नंबर नसलेला टर्बो दिसला की गाडी नापास, मग धूर कितीही स्वच्छ असो. नंबर तुमच्याच मॉडेलला आणि सालाला लागू आहे ना, हेही बघा. नंबर नसेल तर ती गाडी फक्त ट्रॅकवर, ट्रेलरवरून न्यायची.

आता इंजिन. ही गाडी १९८९ साली आली ती ताकदीच्या जोरावर नव्हे. तुमच्या मॉडेलला अमेरिकेत ११६ हॉर्सपॉवर, तीही ६५०० आरपीएमला. १५९७ सीसी, दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट), सोळा व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड. ब्लॉक दणकट आहे. पण तुमचं इंजिन सव्वादोन लाख किलोमीटर पळालंय, आणि 'छान चालते' हे काही माप नाही.

सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज आणा. इंजिन पुरतं तापवा. फ्युएल पंप आणि इग्निशन कॉइलची जोडणी काढा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरायला एक माणूस बसवा. बॅटरी भरलेली हवी. मग एकेका सिलिंडरवर गेज लावून काटा वर जायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. या इंजिनाचं नवं असतानाचं माप दर चौरस सेंटिमीटरला साडेतेरा किलो, म्हणजे १९० पीएसआयच्या आसपास. साडेनऊ किलोच्या खाली गेलं तर इंजिन खोलायचंच. पण नुसत्या आकड्याहून चार सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. दोन किलोंवर फरक असेल तर टर्बोचा खोका तसाच बंद ठेवा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेडचं पॅकिंग गेलंय.

समजा रिंगा निघाल्या आणि तुम्ही इंजिन बांधायला घेतलंत. तर इथे जरा थांबतो, कारण टर्बोची इंजिनं मरतात ती बहुतेक याच जागी. नवी रिंग पाकिटातून काढली आणि पिस्टनवर चढवली, असं करू नका. नुसती रिंग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, सरकवा. पिस्टन उलटा धरून त्याच्या सपाट डोक्याने तिला इंचभर खाली ढकला, म्हणजे ती तिरकी राहणार नाही. आता टॉर्च मारा. रिंगेची दोन टोकं समोरासमोर येतात तिथली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पात्यांनी) मोजा. साध्या इंजिनाला बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हा आमचा जुना हिशोब. तुमचा बोअर ७८ मिलिमीटर, तीन इंचांहून थोडा जास्त. म्हणजे बारा थाऊ, ०.३ मिलिमीटर. टर्बोसाठी वरच्या रिंगेला दर इंचाला पाच थाऊ धरा, म्हणजे पंधरा थाऊ, ०.३८ च्या घरात. रिंगेच्या किंवा पिस्टनच्या कंपनीने वेगळा आकडा छापला असेल तर तो खरा, माझा नाही. फट कमी भरली तर घासायची. कानस शिकंज्यात पक्की धरायची आणि रिंग तिच्यावर चालवायची. एकच टोक घासायचं, बाहेरच्या कडेकडून आत, म्हणजे बोअरला घासणाऱ्या कडेचा टवका उडत नाही. चार हात मारले की पुन्हा बोअरमध्ये घालून मोजायचं. शेवटी तेलदगडाने बारीक कुसळ काढून टाकायचं आणि ती रिंग त्याच सिलिंडरच्या पाकिटात ठेवायची. हा खटाटोप कशासाठी? टर्बोत वरची रिंग जास्त तापते, लांबते. टोकं एकमेकांना भिडली की तिला पसरायला जागा उरत नाही. मग ती बोअर ओरबाडते, नाहीतर पिस्टनची वरची कडच उचकटते. लोक म्हणतात टर्बोने पिस्टन खाल्ला. खरं तर तो तीन थाऊंनी खाल्लेला असतो.

पुढे पाणी. हे इंजिन माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये आडवं बसायचं. मियाटात ते उभं केलं आणि पाणी बाहेर पडायची वाट पुढे आणली. पाणी पुढून शिरतं, पुढूनच निघतं, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला कमी येतं. ११६ हॉर्सपॉवरला हे खपून जातं. टर्बो लावला की चौथा सिलिंडर आधी नॉक करतो, म्हणजे त्यातलं पेट्रोल आपोआप, धक्क्याने पेटतं. म्हणून तिकडचे जाणकार पाण्याची वाट मागून फिरवून घेतात, थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या बाजूला नेतात. मी तुमच्या जागी असतो तर टर्बोच्या आधी हे केलं असतं, आणि नवा रेडिएटर टाकला असता. जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या हिरवट-तपकिरी दिसायला लागल्या असतील तर त्या कधीही फुटतील.

क्रँकशाफ्टचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, तेही बघा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांना हे टोक आखूड होतं, तिथली चावी सैल होऊन पुली डुगडुगायची. तुमची १९९२ ची, म्हणजे सुधारलेली असायला हवी. पण तीस वर्षांत इंजिन कुणी बदललं असेल तर? क्रँकच्या पुलीपाशी खाचा मोजा. चार असतील तर जुनं नाक, आठ असतील तर नवं. टायमिंग बेल्ट दर ६० हजार मैलांना बदलायचा असतो. सगळं उघडलंच आहे तर बेल्ट, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील एकदमच उरका.

टर्बोचं ऑइल परत येतं तो पाइप जाड हवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत उताराचा हवा. मध्ये झोळ पडला की ऑइल तुंबतं, टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं आणि निळा धूर सुरू होतो. मग माणूस रिंगांवर संशय घेतो आणि चांगलं इंजिन खोलून बसतो.

पेट्रोलचं गणित असं : अर्धा बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) म्हणजे कागदावर दीडपट हवा. दाबली की हवा तापते, म्हणून प्रत्यक्षात तेवढी भरत नाही, इंटरकूलर त्यासाठीच. पण जेवढी हवा वाढली तेवढं पेट्रोलही वाढायला हवं, आणि मूळचे इंजेक्टर, हवा मोजणारं ते फडकीचं मीटर आणि जुना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांना बूस्ट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मोठे इंजेक्टर, धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि ट्यून करता येईल असा ईसीयू हे टर्बोचेच भाग समजा, वरचा खर्च नव्हे. पेट्रोल तुमच्याकडचं ९१ ऑक्टेनचं वापरा (ऑक्टेन म्हणजे नॉकला तोंड द्यायची पेट्रोलची ताकद). तिकडचा ९१ आणि आमच्याकडचा ९१ एक नव्हेत : तुम्ही ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी लिहिता, आम्ही त्यातली एकच, रिसर्च ऑक्टेन. तुमचा ९१ आमच्या ९५ च्या आसपास बसतो. भारतातले आकडे वाचून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावू नका.

टायमिंगवरून आठवलं. मियाटावाले मूळचं १० अंशांचं टायमिंग १४ वर नेतात. डायग्नोसिसच्या डबीत टीईएन आणि जीएनडी लिहिलेली दोन टोकं वायरने जोडायची, हेडच्या मागचा सेन्सर सैल करून फिरवायचा, टायमिंग लाइट मारायचा, झालं. टर्बोविना गाडीला हा फुकटातला बदल चांगला आहे, खालचा पिकअप सुधारतो. टर्बोला मात्र तो घातक. आणि स्मॉग चेकमध्ये टायमिंगही बघतात, तेव्हा जाण्याआधी १० वर आणून ठेवा.

राहिला मागचा भाग. १.६ चा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) लहान आहे, सहा इंची. १९९४ पासून १.८ लिटरच्या गाड्यांना सात इंची आला. २०० हॉर्सपॉवर आणि चिकट टायर यांच्यापुढे लहान डिफरन्शियलचे दाते फार दिवस तग धरत नाहीत. बदलायचा तर हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे आणा. क्लचही जाईल. आणि चाकांवर मोजलेली ताकद २०० च्या वर न्यायचा मोह झाला तर मूळच्या कनेक्टिंग रॉडचा विचार आधी करा, वाकतात त्या.

दोन वीकेंड म्हणाला होता नाही तो?

प्रश्न : टर्बो परवडत नाही. हेड घासून घेऊन कॉम्प्रेशन वाढवलं तर ताकद किती वाढेल? नाशिकला एक मशीन शॉप अर्धा मिलिमीटर काढून देतो म्हणतो. (नाशिक)

उत्तर : गाडी कोणती ते लिहिलं नाहीत, म्हणून वरच्या मियाटाचेच आकडे घेतो. बोअर ७८, स्ट्रोक ८३.६. एका सिलिंडरचं आकारमान साधारण ४०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९.४, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ४०० भागिले ८.४, सुमारे ४७.५ सीसी. हेडमधून अर्धा मिलिमीटर काढला तर यातले जास्तीत जास्त २.४ सीसी जातील. चेंबर बोअरहून लहान असल्याने प्रत्यक्षात दोनच धरा. नवा रेशो ९.८. एवढ्याने ताकद दोन टक्केही वाढायची नाही. शंभरावर दोन. तुमच्या मांडीखाली ते कळणारही नाही.

उलट बाजूला काय जातं बघा. कॅम वर असलेल्या इंजिनात हेड खाली आलं की बेल्टचं अंतर बदलतं आणि कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. पुढे कधी हेड वाकलं तर पुन्हा सरफेस मारायला माल उरत नाही. हेड वाकडं असेल तर जरूर मारा, सरळ होण्यापुरतं. त्या पैशांत व्हॉल्व्ह सीट नीट कापून घ्या आणि लॅपिंग करा, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा. सीटवर एकसारखा करडा पट्टा उमटला पाहिजे, कुठे तुटलेला नको. हेड उलटं करून चेंबरमध्ये पेट्रोल ओता आणि पोर्टमधून बघा, ओल येते का. दहा मिनिटं थेंब आला नाही तर काम झालं. गेलेलं कॉम्प्रेशन परत येतं ते असं, आणि बहुतेक जुन्या गाड्यांना वाढवलेल्यापेक्षा हे परत आलेलंच जास्त जाणवतं.

प्रश्न : पुण्यात बाणेरला राहतो. २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे. एका ट्यूनरने तासाभरात 'स्टेज वन' करतो म्हटलं. मित्र म्हणतो, केबल घे आणि घरीच फाइल टाक. इंजिनाला धोका आहे का? (पुणे)

उत्तर : 'स्टेज वन' म्हणजे ईसीयूमधला प्रोग्राम बदलणं, यालाच रिमॅप म्हणतात. केबल जोडून त्याची फाइल टाकणं पोराटोरांनाही जमेल. ती फाइल कुणी लिहिली आणि कुठल्या पेट्रोलवर लिहिली, एवढाच प्रश्न.

तुमच्या गाडीला ११९७ सीसीच्या टर्बो इंजिनातून १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो. कंपनीने थोडी ताकद राखून ठेवलेली असते, ती खराब पेट्रोल, मे महिन्याचं ऊन आणि मालकाचा आळस यांच्यासाठी. रिमॅप म्हणजे त्या राखीव साठ्यात हात घालणं : बूस्ट वाढवायचा, टायमिंग पुढे घ्यायचं, टॉर्कची मर्यादा वर न्यायची. इंजिनात एक नटही बदललेला नसतो. जोपर्यंत गाडी निरोगी आहे आणि फाइल समंजस आहे तोवर चालतं. पण तुमचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. फाइल तिथवर नेऊन टेकवणारा ट्यूनर मला चालणार नाही. आणि टॉर्क १८०० आरपीएमला एकदम उसळवणारा तर अजिबातच नाही. पाठीला धक्का बसतो म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, मार मात्र क्लच आणि रॉड खातात.

त्याच्याकडे फाइल टाकण्याआधीचा आणि नंतरचा लॉग मागा. पूर्ण थ्रॉटलवर, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरला ईसीयूने टायमिंग किती मागे खेचलं ते. शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. चारपैकी एकाच सिलिंडरला सतत टायमिंग मागे जात असेल तर तिथे काहीतरी बिनसलंय. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज कानाला ऐकू येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, नुसता रंगीत कागद दाखवला तर विचारा, हा आकडा चाकांवरचा की क्रँकचा, आणि मूळ फाइलवरची धाव त्याच दिवशी, त्याच डायनोवर घेतली होती का? इथे बऱ्याच जणांची वाचा बसते.

करण्याआधी दोन कामं घरी करा. प्लग नवे टाका. आणि या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही, म्हणून तिथे काजळीचे थर चढतात. २०१४ ची गाडी आहे, एकदा मॅनिफोल्ड काढून बघाच. ते साफ केल्यावर कदाचित रिमॅपची हौसच फिटेल. रिमॅपनंतर ९५ च्या खालचं पेट्रोल भरू नका. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात २०२० च्या डिसेंबरपासून आलंय. पण फाइल ९५ वर लिहिलेली असेल तर शंभर भरून फारसा फायदा नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठासून सांगितलंय. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीनुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच उकरून काढते. मोठ्यांदा बोलत नाही कुणी, पण रस्त्यावरच्या गाडीत हे करणारा डोळे उघडे ठेवून करतो.

प्रश्न : स्विफ्टला कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेंसर लावला. आवाज जबरदस्त, पण दुपारी गाडी आधीपेक्षा सुस्त वाटते. असं कसं? (सोलापूर)

उत्तर : सोलापूरची दुपार, आणि फिल्टर कुठे? रेडिएटरच्या मागे, एक्झॉस्टच्या शेजारी. कंपनीचा डबा ग्रिलपासून बाहेरची हवा घेत होता. तुमचा उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा ३० अंशांनी जास्त तापली की जवळपास दहा टक्के विरळ होते. त्यात गरम हवेमुळे ईसीयू टायमिंगही मागे घेतो. मूळचा डबा परत बसवा, त्यात हवं तर चांगला सपाट फिल्टर टाका. तेल लावायचा असला तर बेताने. जास्तीचं तेल हवेच्या सेन्सरच्या तारेवर बसतं.

सायलेंसरचं म्हणाल तर इंजिनाला 'बॅकप्रेशर' लागतं ही अफवा आहे. लागतो तो धुराचा वेग. नळी गरजेपेक्षा जाड झाली की खालच्या आरपीएमला वेग पडतो आणि गाडी जड वाटते. शेजाऱ्यांचं आणि ट्रॅफिक पोलिसांचं मी काही लिहीत नाही, त्यांचा अभिप्राय तुम्हाला मिळालाच असेल.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांच्या जुन्या होंडा सिटीखाली तासन्‌तास झोपलेला असतो. 'इंजिन अपग्रेड' करतोय म्हणतो. मला त्यातलं कळत नाही, पण भीती वाटते. काय करू? (ठाणे)

उत्तर : ताई, आज संध्याकाळी खाली जा आणि गाडी कशावर उचलली आहे एवढं बघा. गाडीबरोबर येतो तो कात्री जॅक, किंवा विटा, असं काही असेल तर त्याला हाताला धरून बाहेर काढा, वादावादी नंतर. जॅक फक्त उचलायला. खाली शिरायचं तर गाडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी स्टँड हवेत, चेसिसच्या पक्क्या जागी टेकवलेले, आणि जमिनीवरच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे. शिरण्याआधी गाडीला खांदा लावून जोरात हलवून बघायचं. हलली तर शिरायचं नाही. हे पैसे त्याच्या पॉकेटमनीतून नको, तुम्ही द्या.

दुसरं, पेट्रोल. त्याची वाफ हवेहून जड, ती जमिनीवर पसरते आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये साचून राहते. फ्युएल लाइन उघडायची असेल तर बाहेर, मोकळ्यावर. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि हाताशी पावडरचं अग्निशामक. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ही यादी त्याला पाठ म्हणून दाखवायला लावा, चिडेल, चिडू दे.

बाकी पोराला अडवू नका. त्याला म्हणावं, टर्बो-बिर्बो राहू दे, आधी टॅपेट लाव, म्हणजे व्हॉल्व्हपाशी असते ती फट. त्या सिटीत टॅपेटला स्क्रू आणि लॉकनट असतात, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने लावायचे. पाती ओढताना हलकासा अडथळा जाणवला पाहिजे, लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. सगळ्या व्हॉल्व्हना ज्याच्या त्याच्या मापाचं लागलं तर तुमच्या मुलाचा हात चांगला आहे. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिल्यांदा हेच द्यायचो.

प्रश्न : मडगावला असतो. सॅन स्टॉर्म आहे, हौसेने जपलेली. पावसात चार महिने उभीच असते. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इंजिनात काही बदल करावा का? ताकद वाढवायचा विचारही डोक्यात आहे. (मडगाव)

उत्तर : वा, ही गाडी अजून कुणीतरी चालवतंय हे वाचूनच बरं वाटलं. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, ताकद साठच्या घरात. ताकद वाढवू नका. तिचे सुटे भाग शोधण्यात अर्धं आयुष्य जाईल, आणि ती गाडी छत उघडून कोलव्याच्या रस्त्याने हळू चालवण्यातच शोभते.

इथेनॉलचं मात्र बघा. नुसत्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल हवं. निवांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर असलेला ईसीयू हे सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला जुना ईसीयू सेन्सरकडे बघतच नाही, तिथे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. वाइडबँड लावून एकदा पूर्ण थ्रॉटलवर मोजून घ्या. पातळ निघालं तर फ्युएल प्रेशर थोडं वाढवून भागतं.

जुने रबरी पाइप आधी बदला. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मग मऊ पडून चिरतं, आणि तुमच्या गाडीत ते गरम एक्झॉस्टपासून फार लांब नाहीत. फ्लुओरो-रबरचं अस्तर असलेले, इंजेक्शनच्या दाबाचे पाइप घ्या, क्लिपाही त्याच दर्जाच्या. टाकीच्या तळाचा जुना मळ इथेनॉल सोडवतं, म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला. पावसाळ्यात उभी करताना टाकी काठोकाठ भरून ठेवा. अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी दमट हवा, इथेनॉल ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट खाली बसतं, नेमकं पंपाच्या तोंडाशी. ऑक्टोबरात स्टार्टर मारण्याआधी फिल्टरपाशी लाइन सोडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढा आणि दहा मिनिटांनी उजेडात धरून बघा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची. नाही दिसला तर पहिला फेरफटका बाणावलीपर्यंत.